टिकटिक लिफ्टरचीच आहे का? हेड उतरवण्याआधी एवढं तपासा

तुमची पिकअप २०१० ची, जनरल मोटर्सचं ५.३ लिटरचं व्ही-८ इंजिन, दोन लाख दहा हजार किलोमीटर झालेली. सकाळी चालू केल्यावर टिकटिक यायची आणि मिनिटाभरात जायची. आता इंजिन गरम झाल्यावरही ती राहते. मग चेक इंजिनचा दिवा लागला, स्कॅनरवर पी०३०४ आलं, म्हणजे चौथा सिलिंडर मिस मारतोय, त्यातलं इंधन नीट जळत नाही. गॅरेजवाल्याने बॉनेटपाशी उभं राहून आवाज ऐकला आणि सांगून टाकलं, लिफ्टर गेला, इंजिनच बदला. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: ऑइलमध्ये एखादं औषध टाकून भागेल का, एकच लिफ्टर बदलला तर चालेल का, आणि हे काम घरी जमेल का.

तिन्हींची उत्तरं देतो, पण त्याआधीचा प्रश्न सुटलेला नाही. तुमचा लिफ्टर गेलाय हे अजून कोणी सिद्धच केलेलं नाही. आणि गेला असेल तर तो कशामुळे गेला, हे कळल्याशिवाय नवा बसवण्यात अर्थ नाही. माझ्याकडे ‘लिफ्टर गेला’ म्हणून येणाऱ्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांचं दुखणं दुसरंच निघतं. ज्यांचा खरोखर गेलेला असतो, त्यांतही बरेचदा मूळ दोष ऑइल प्रेशरचा असतो.

लिफ्टर म्हणजे बहुतेक मेकॅनिक ज्याला टॅपेट म्हणतात तोच. कॅम नावाचा दांडा फिरतो, त्याचा लोब (उंचवटा) लिफ्टरला उचलतो, लिफ्टर पुशरॉडला ढकलतो, पुशरॉड रॉकर हलवतो आणि व्हॉल्व उघडतो. लिफ्टरच्या पोटात ऑइल भरलेलं असतं. त्या ऑइलच्या दाबामुळे मधली फट शून्य राहते. रात्रभर गाडी उभी राहिली की थोडं ऑइल गळून जातं, म्हणून सकाळी दोन-चार सेकंद टिकटिक आली तर त्याची काळजी नको. गरम इंजिनातही आवाज राहिला, तर मात्र कुठेतरी फट पडलेली आहे.

तुमच्या इंजिनात आणखी एक भानगड आहे. इंजिनावर ताण कमी असताना पेट्रोल वाचवण्यासाठी हे इंजिन १, ४, ६ आणि ७ हे चार सिलिंडर बंद ठेवतं. त्यासाठी १६ पैकी ८ लिफ्टर वेगळ्या बनावटीचे असतात. त्यांच्या आत छोट्या पिना असतात. ऑइलचा दाब दिला की पिना आत सरकतात आणि लिफ्टर स्वतःतच दबत राहतो, कॅम फिरूनही व्हॉल्व उघडत नाही. दाब काढला की पिना पुन्हा बाहेर येऊन अडकायला हव्यात. त्या आतच राहिल्या, तर कॉम्प्युटरला वाटतं आठही सिलिंडर चालू आहेत, प्रत्यक्षात मात्र एका व्हॉल्वने काम सोडलेलं असतं. तुमचा चौथा सिलिंडर नेमका या चारांतला आहे. त्यामुळे गॅरेजवाल्याचा अंदाज बरोबर असूही शकेल, फक्त अंदाजावर इंजिन खोलायचं नसतं.

आधी स्वस्त आणि सोप्या गोष्टी. चौथ्या सिलिंडरची इग्निशन कॉइल आणि प्लग दुसऱ्या नंबरवर टाका, तिथले इथे आणा, कोड पुसून गाडी चालवून पाहा. कोड पी०३०२ झाला तर दोष कॉइल किंवा प्लगमध्ये होता, आणि हेडला (सिलिंडरांवरच्या झाकणाला) हात न लावता काम संपलं. कोड चौथ्यावरच राहिला तर पुढे जायचं.

मग आवाज. या इंजिनात एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे (सिलिंडरांतला धूर बाहेर नेणाऱ्या भागाचे) बोल्ट, विशेषतः टोकाचे, तुटण्याची सवय आहे, आणि तिथून गळणारा धूर अगदी लिफ्टरसारखीच टिकटिक करतो. दोन्ही आवाज क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) दोन फेऱ्यांत एकदा येतात, म्हणून नुसत्या कानाने भलेभले फसतात. फरक असा की एक्झॉस्टची गळती थंड असताना मोठी असते आणि मॅनिफोल्ड तापून फुगला की कमी होते किंवा थांबते. मीटरभर रबरी नळी घ्या, एक टोक कानाशी, दुसरं मॅनिफोल्डच्या कडेने फिरवा. गळती असेल तिथे फुसफुस स्पष्ट येते, जवळ काजळीही दिसते. यानंतर स्टेथोस्कोप किंवा लांब स्क्रू ड्रायव्हर रॉकर कव्हरवर ठेवून ऐका. तुमच्या इंजिनात सम क्रमांकाचे सिलिंडर उजव्या बाजूला असतात, चौथा म्हणजे त्या बाजूचा पुढून दुसरा.

एक जुनी युक्ती अजूनही उपयोगी पडते. इंजिन चालू असताना संशयित सिलिंडरच्या इंजेक्टरचा कनेक्टर काढा. आवाज बदलला किंवा बराच कमी झाला, तर पिस्टन किंवा कनेक्टिंग रॉडकडे बघावं लागेल, कारण त्यांचा आवाज स्फोटाच्या जोरावर अवलंबून असतो. लिफ्टरला सिलिंडरमध्ये इंधन जळतंय की नाही याच्याशी देणंघेणं नसतं, त्याचा आवाज आहे तसाच राहतो.

आता ऑइल प्रेशर, आणि इथे थोडं थांबा, कारण बहुतेक लोक हीच पायरी गाळतात. डॅशबोर्डच्या काट्यावर भरवसा ठेवू नका. या इंजिनात प्रेशर सेन्सरच्या खाली बारीक जाळी असते, ती मळाने भरली की खरं प्रेशर ठीक असूनही काटा खाली जातो. सेन्सर काढून तिथे साधा यांत्रिक गेज लावा, इंजिन पूर्ण गरम करा आणि आकडे लिहून ठेवा. या इंजिनासाठी गरम असताना किमान मर्यादा १००० आरपीएमला ६ पीएसआय, २००० ला १८ आणि ४००० ला २४ अशी आहे. या अगदी तळाच्या मर्यादा आहेत, धडधाकट इंजिन याच्या बरंच वर दाखवतं. २००० ला जेमतेम १८-२० मिळत असेल, तर मी लिफ्टरकडे वळण्याआधी ऑइल चेंबर उतरवून पिकअप ट्यूबची, म्हणजे पंपाकडे ऑइल नेणाऱ्या नळीची, रबरी ओ-रिंग बघेन. ती कडक झाली की पंप ऑइलबरोबर हवाही ओढतो. हवेचे बुडबुडे दाबले जातात, त्यामुळे लिफ्टर कधीच पूर्ण भरत नाही. अशा गाडीत १६ नवे लिफ्टर टाकले तरी टिकटिक तशीच राहते. एका ग्राहकाची गाडी माझ्याकडे येण्याआधी दोनदा खोललेली होती. दोन्ही वेळा लिफ्टर बदलले होते आणि दोष त्या एका रबरी रिंगेत होता. त्या माणसाचा चेहरा मला अजून आठवतो.

प्रेशर ठीक निघालं, तर कॉम्प्रेशन (सिलिंडर स्वतः किती दाब तयार करतो) आणि लीकडाउन (बाहेरून भरलेली हवा किती गळते) या दोन्ही चाचण्या करा. दोन्ही एकत्र वाचल्या तरच कहाणी कळते. इनटेकचा, म्हणजे हवा आत घेणाऱ्या व्हॉल्वचा, लिफ्टर दबून बसला असेल तर सिलिंडरमध्ये हवाच येत नाही, म्हणून कॉम्प्रेशन गेज खूप कमी दाखवतो. पण लीकडाउनमध्ये बाहेरून हवा भरली की ती टिकते, कारण व्हॉल्व आणि रिंगा शाबूत आहेत. कॉम्प्रेशन पडलेलं आणि लीकडाउन उत्तम, ही जोडी दिसली की व्हॉल्व उघडत नाही हे जवळपास नक्की. दोन्ही खराब आले तर जळालेला व्हॉल्व, हेड गॅस्केट किंवा रिंगा शोधा. एक्झॉस्टचा लिफ्टर बसला असेल तर मात्र गेज फसवू शकतो. हवा आत येते, दाबली जाते, आकडा बऱ्यापैकी दिसतो. पण जळालेला धूर बाहेर पडू शकत नाही, इनटेक उघडला की तो उलटा इनटेक मॅनिफोल्डमध्ये घुसतो आणि इंजिन खोकल्यासारखं फटफट करतं. तुमच्या वर्णनात असा फटफटाट नाही, म्हणून माझा कल इनटेककडे आहे. पण तोही चाचणीनेच ठरवा.

मग रॉकर कव्हर काढा. हे तुलनेने सोपं काम आहे आणि इंजिनाची निम्मी हकीकत इथेच कळते. क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरवा आणि चौथ्याचे दोन्ही रॉकर बघा. एखादा हलतच नसेल किंवा अर्धाच हलत असेल तर तो सापडला. जमत असेल तर पुशरॉडच्या टोकावर डायल गेज लावून उचल मोजा. इथे एक सावधगिरी हवी. बंद पडणाऱ्या सिलिंडरचे लोब बाकीच्यांपेक्षा थोड्या वेगळ्या आकाराचे असतात, म्हणून चौथ्याची तुलना पहिल्या, सहाव्या किंवा सातव्याशी करायची, दुसऱ्याशी नाही. इनटेकची इनटेकशी, एक्झॉस्टची एक्झॉस्टशी. याच वेळी रॉकरच्या बेअरिंगमधल्या सुया (बारीक दांड्या) तपासा, त्या सुटून ऑइलमध्ये पडलेल्याही मी पाहिल्या आहेत. पुशरॉड काचेवर लोळवून वाकलेला नाही ना ते बघा.

शेवटी ऑइल फिल्टर. तो कापा आणि कागद उलगडून उन्हात धरा. लोखंडाची चमचमती पूड चुंबकाला चिकटली तर कॅम किंवा लिफ्टरचा रोलर (कॅमवर फिरणारं छोटं चाक) झिजतोय. तांबूस रंगाची पूड दिसली तर बेअरिंगचा मामला आहे, आणि मग तुमच्या गॅरेजवाल्याचा इंजिन बदलण्याचा सल्ला मी गांभीर्याने घेईन. तोवर नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न, औषधाचा. नुसती टिकटिक असेल, मिस मारत नसेल आणि फिल्टर स्वच्छ असेल, तर योग्य ग्रेडचं ताजं ऑइल, चांगला फिल्टर आणि हवं तर एखादं साफ करणारं द्रव्य टाकून बघायला हरकत नाही. मळाने चिकटलेला लिफ्टरच्या आतला प्लंजर कधीकधी मोकळा होतो, मी तसं होताना पाहिलंय. पण तुमची गाडी त्या टप्प्याच्या पुढे गेली आहे. रोलरच्या सुया तुटल्या असतील किंवा पिना झिजल्या असतील तर कोणतंही द्रव्य धातू परत आणत नाही. आणि चौथा सिलिंडर मिस मारत असताना गाडी चालवत राहिलात, तर न जळलेलं पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तोही जाळेल. मिसफायर थांबेपर्यंत गाडी उभी ठेवा, ही कळकळीची विनंती.

दुसरा प्रश्न एकाच लिफ्टरचा. सुरुवातीच्या काळात ग्राहकाच्या आग्रहाखातर मी एकच लिफ्टर बदलला होता. कॅमच्या लोबवर अंधुकसा पट्टा दिसत होता, बोटाला फार काही जाणवत नव्हतं, म्हणून तसाच ठेवला. काही महिन्यांत तोच लोब अर्धा खाल्लेला घेऊन ती गाडी परत आली. ग्राहकाला दुप्पट भुर्दंड पडला आणि ती चूक माझी होती. तेव्हापासून माझा नियम पक्का आहे. तुमच्या इंजिनात लिफ्टर हेडखाली असतात, हेड उतरवल्याशिवाय ते वर येत नाहीत. चौथ्यासाठी फक्त उजवं हेड उतरवून भागेल हे खरं. पण डाव्या बाजूचे लिफ्टरही तितकेच किलोमीटर चाललेत, त्याच ऑइलवर. म्हणून दोन्ही हेड, १६ लिफ्टर, आणि त्यांना सरळ धरून ठेवणारे चारही प्लॅस्टिकचे ट्रे नवे. ट्रे जुने ठेवायचा मोह होतो, पण प्लॅस्टिक कडक होऊन फाटलं की लिफ्टर जागेवर गोल फिरतो, रोलर आडवा होतो आणि कॅम खरवडून काढतो. पैशांची ओढाताण असेल आणि गाडी लवकरच विकायची असेल तर एका बाजूचं काम करणारे आहेत, त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण कॅमच्या लोबवर बोटाला खड्डा, धार किंवा खरखर जाणवली, तर कॅम बदलायचाच. त्यात तडजोड नाही. मग पुढचं कव्हर, पुली आणि टायमिंग चेनही खोलावी लागते आणि काम दीडपट होतं.

तिसरा प्रश्न, घरी जमेल का. हे तुमच्या हातावर अवलंबून आहे. पूर्वी एखादं हेड गॅस्केट बदललं असेल, टॉर्क पाना आणि अंश मोजणारा गेज असेल, मदतीला एक माणूस असेल आणि गाडी आठ-दहा दिवस उभी राहिली तर चालणार असेल, तर जमेल. माझ्या वर्कशॉपमध्ये याला दोन दिवस लागतात, सगळी हत्यारं हाताशी असून. यातलं काही नसेल तर फक्त दोषाचं निदान घरी करा, म्हणजे वर सांगितलेल्या सगळ्या चाचण्या, आणि ते आकडे घेऊन चांगल्या मेकॅनिककडे जा.

खोलण्याच्या क्रमाबद्दल फार लिहीत नाही, मॅन्युअलमध्ये तो नीट दिलेला असतो. बॅटरी सोडा, इंधनाचा दाब काढा, कूलंट काढा, इनटेक मॅनिफोल्ड उतरवा. त्याखालचं व्हॅलीचं (दोन हेडमधल्या खोलगट जागेचं) झाकण म्हणजेच चार सोलेनॉइड (विजेवर चालणारे व्हॉल्व) असलेला ऑइल मॅनिफोल्ड. लिफ्टरना दाब देणारा हाच, म्हणून तो मी जुना परत बसवत नाही. हेड पूर्ण थंड इंजिनावरच सोडायचं, ॲल्युमिनियम आहे, गरम असताना सोडलं तर वाकतं. एक्झॉस्टचे बोल्ट आदल्या रात्रीच गंज सोडवणाऱ्या तेलात भिजवून ठेवा.

जिथे लोक इंजिन कायमचं घालवतात, त्या तीन जागा मात्र सविस्तर सांगतो.

पहिली, बोल्टची भोकं. हेड उचललं की कूलंट ब्लॉकमधल्या बोल्टच्या भोकांत उतरतं. ही भोकं खालून बंद असतात. त्यात पाणी ठेवून बोल्ट आवळला तर पाण्याला जायला वाट नसते आणि ब्लॉकला तडा जातो. प्रत्येक भोक हवेने फुंकून, कापडाने टिपून, टॉर्चने तळ कोरडा दिसेपर्यंत सोडायचं नाही. डोळ्यांवर चष्मा लावा, फुंकलेलं कूलंट सरळ तोंडावर येतं.

दुसरी, गॅस्केटची जागा घासणं. ड्रिलला लावायच्या खरखरीत चकत्या वापरू नका. त्यांची पूड ऑइलमध्ये जाते आणि नव्या इंजिनाची बेअरिंगही खाऊन टाकते. प्लॅस्टिकची खरवडणी, गॅस्केट सोडवणारा द्रव आणि धीर, एवढंच पुरतं. घासताना लिफ्टरच्या खाचा आणि व्हॅली स्वच्छ कापडाने झाकून ठेवा.

तिसरी, हेडचे बोल्ट. मोठे बोल्ट, प्रत्येक हेडला दहा, एकदाच वापरायचे असतात, कारण आवळताना ते मुद्दाम ताणले जातात. नवेच घ्या. मधून बाहेरच्या क्रमाने पहिला फेरा ३० न्यूटन-मीटर, दुसरा फेरा ९० अंश, तिसरा ७० अंश. वरच्या ओळीतले पाच छोटे बोल्ट ३० न्यूटन-मीटर. हा हिशोब तुमच्या वर्षाच्या इंजिनाचा आहे, दुसऱ्या इंजिनासाठी त्याचं मॅन्युअल उघडा.

नवे लिफ्टर स्वच्छ ऑइलमध्ये भिजवून, ट्रेमध्ये बसवून, ट्रेसकट खाली सोडायचे. पिनावाले लिफ्टर १, ४, ६, ७ च्याच जागी जातायत ना हे दोनदा बघा, नजरचूक झाली तर सगळं पुन्हा खोलावं लागतं. जुना एखादा लिफ्टर परत वापरणार असाल तर तो ज्या लोबवरून निघाला त्याच लोबवर गेला पाहिजे. रॉकरचे बोल्ट ३० न्यूटन-मीटर, आणि तेही त्या सिलिंडरचे व्हॉल्व बंद असताना.

सगळं जोडल्यावर लगेच चालू करू नका. नवं ऑइल भरा, इंधनाचा फ्यूज काढा आणि प्रेशर गेजवर दाब दिसेपर्यंत थोडा थोडा स्टार्टर मारा, मध्ये त्याला थंड होऊ द्या. मग चालू करा. पहिली काही मिनिटं टिकटिक येईल, लिफ्टरमधली हवा निघतेय, घाबरू नका आणि रेसही देऊ नका. जुने लोक नव्या कॅमवर वीस मिनिटं २००० आरपीएम ठेवायला सांगतात, ते रोलर नसलेल्या सपाट टॅपेटसाठी आहे. तुमच्या रोलर लिफ्टरला त्याची गरज नाही. वीस मिनिटांनंतरही एकाच जागेवरून आवाज येत असेल तर बंद करा आणि रॉकर कव्हर उघडा.

काही जण विचारतील की सिलिंडर बंद ठेवणारी सोयच काढून टाकता येते का. येते, पण नुसते साधे लिफ्टर टाकून नाही. कॅम वेगळा लागतो, व्हॅलीचं झाकण वेगळं लागतं आणि कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग बदलावं लागतं. तुम्ही राहता तिथले प्रदूषणाचे नियम त्याला परवानगी देतात का हेही आधी बघा. कॅम खराब निघाला तर हा विचार करण्यासारखा आहे, कारण तेव्हा कॅम बदलायचाच असतो. कॅम चांगला असेल तर मी मूळचीच व्यवस्था परत बसवतो.

पहिलं ऑइल आणि फिल्टर ८०० किलोमीटरला बदला आणि तो फिल्टरही कापून बघा. सध्या मात्र एवढंच करा: कॉइल-प्लग अदलाबदल, नळीने एक्झॉस्ट ऐकणं, आणि गरम इंजिनावर यांत्रिक गेजचे तीन आकडे. हे आकडे, चौथ्याचं कॉम्प्रेशन आणि लीकडाउन कळवा, म्हणजे फक्त उजवं रॉकर कव्हर उघडायचं की आधी ऑइल चेंबर, ते सांगता येईल.